कीचकाला दुसऱ्यांदा कोणी मारले?

बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने 1920 साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब वठले की प्रेक्षक हादरले आणि ते कापावे लागले. आज ते दृश्यच काय, अख्खा चित्रपटच उरलेला नाही.

जर्मनीत 1922 मध्ये मुर्नाऊ यांनी 'नोस्फेरातू' हा पिशाच्चाचा मूकपट काढला. 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून तो परवानगीशिवाय बेतलेला होता. लेखकाच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. पण परदेशी गेलेल्या काही प्रती वाचल्या. पुढे तज्ज्ञांनी त्या जुळवून, डाग-ओरखडे काढून चित्रपट पुन्हा उभा केला. आज तो मोबाइलवरही दिसतो. जिना चढणारी ती सावली शंभर वर्षांनंतरही अंगावर काटा आणते.

ज्याला मारण्याचा हुकूम होता ते पिशाच्च जगले आणि ज्याची फक्त एक कात्री व्हायची होती तो कीचक समूळ गेला! असे का व्हावे? त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेटे, दमट हवेत कुजे. तिच्यातील चांदीसाठी रिळे मोडीतही जात. पण खरे कारण आपली वृत्ती. खेळ संपला की त्याचे काम संपले, असे आपण मानले. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते 1964 साली. तेथील पी. के. नायर यांच्या धडपडीने फाळके यांचा 'कालिया मर्दन' (1919) वाचला. परंतु आपल्या तेराशेच्या आसपास मूकपटांपैकी जेमतेम तीसएक, तेही बरेचसे अपुरे, उरले आहेत.

कोणी म्हणेल, भुताराक्षसांच्या खेळांवर एवढा खर्च कशाला? माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या आज्याचे नाव सातबाऱ्यावर सापडते. पण तो कशाला भ्यायचा, कशाला हसायचा, हे कोणत्या कागदावर सापडणार? ते अशा खेळांतच असते.

मित्रहो, आपल्या झाडीपट्टीत दंडारीची गाणी आणि शंकरपटाच्या दिवसांत होणाऱ्या नाटकांच्या हस्तलिखित वह्या घरोघरी फडताळांत पडून आहेत. त्यांना ना आग लागायला हवी, ना न्यायालयाचा हुकूम. वाळवी पुरेशी आहे. आपल्या ग्रंथालयाने त्यांच्यासाठी एक कपाट द्यावे आणि आपण प्रत्येकाने गावाहून एक तरी वही आणून तिची नक्कल त्यात ठेवावी. 'नोस्फेरातू'ला एकापेक्षा अधिक प्रतींनीच तारले, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.