कच्च्या चित्रातली ती कुठे गेली?



या अंकाचं मुखपृष्ठ पाहून काही जणी बुचकळ्यात पडल्या असतील. ना घोषणा, ना उंचावलेली मूठ. पेन्सिलीनं काढलेली पाच लहान चित्रं, तीही अर्धवट. प्रत्येकात एक मुलगी बारवेच्या पायऱ्या उतरते आहे. ही चित्रं आपल्या अंकासाठी काढलेलीच नव्हती. ती इथे का आली, ते सांगते.

लातूरची आमची एक मैत्रीण शाळेत चित्रकला शिकवते. दोन वर्षांपूर्वी एका प्रकाशकानं तिला एका अद्भुतरम्य कादंबरीच्या मुखपृष्ठाचं काम दिलं. दुष्काळी मुलखातली एक मुलगी आटलेल्या बारवेत उतरते आणि जमिनीखाली हरवलेली नदी शोधून काढते, अशी गोष्ट. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेल्या पाण्यावर लातूरनं दिवस काढले, तेव्हा ही मैत्रीण तिथेच होती. ती म्हणाली, "अगं, यातलं निम्मं मी पाहिलेलंच आहे."

मुखपृष्ठ एका बैठकीत होत नाही, हे मला तिच्यामुळे कळलं. आधी हस्तलिखित वाचायचं. मग काड्यापेटीएवढी रेखाटनं करायची. त्यात फक्त उजेड कुठे, अंधार कुठे, माणूस केवढा आणि कादंबरीच्या नावासाठी जागा कुठे, एवढंच ठरतं. त्यातल्या एकाचं मोठं रफ, मग रंगांचं रफ आणि शेवटी पक्कं चित्र. दगड पाहायला ती देगलूर तालुक्यात होट्टलला जाऊन आली. तिथल्या चालुक्यकालीन देवळांचे कोनाडे, झिजलेल्या कडा वहीत उतरवून आणल्या. मुलीसाठी मात्र ती नांदेडला आमच्या किशोरी गटात येऊन बसली.

मुलींनी चित्रं हातोहात फिरवली. "ताई, डोक्यावर घागर असताना असं चवड्यावर कुणी उतरत नाही, पडेल ना ती." "ओढणी कमरेला खोचा तिची." एरवी तोंड न उघडणारी एक जण हळूच म्हणाली, "हिचा रंग आमच्यासारखाच ठेवणार ना?" पुढच्या रेखाटनात टाच टेकली, ओढणी खोचली गेली, मान ताठ झाली. रंग सावळाच राहिला.

मग प्रकाशकाचे फोन सुरू झाले. मुलगी फार काळी दिसते. केस मोकळे सोडा, वाऱ्यावर उडू द्या. शेजारी तलवार घेतलेला राजपुत्र दाखवा. कादंबरीत राजपुत्रच नाही, हे तिला त्यांना सांगावं लागलं! महिनाभर वाद घालून तिनं राजपुत्र टाळला. पुस्तक हाती आलं तेव्हा कळलं की छापण्याआधी चेहरा संगणकावर उजळ करून टाकला होता. आत कुठेही चित्रकार म्हणून तिचं नाव नव्हतं. मानधन मागितलं तर उत्तर मिळालं, "हल्ली संगणकाला चार शब्द सांगितले की चित्र फुकट मिळतं. तुम्हाला आम्ही काम तरी दिलं." पैसे चार महिन्यांनी आले.

हा एका प्रकाशकाच्या वाईटपणाचा प्रश्न असता तर संपादकीयाची गरज नव्हती. आपल्या सगळ्यांच्याच नजरेला एक वळण लागलं आहे. रविवर्म्यांच्या छापखान्यातून गोऱ्यापान देवी आणि नायिका घरोघर भिंतीवर गेल्या. १९४५ साली 'दीपावली' सुरू करणारे दीनानाथ दलाल, अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं रंगवणारे रघुवीर मुळगावकर, यांचा हात असामान्य होता, याबद्दल वाद नाही. पण त्या साऱ्या परंपरेत मुखपृष्ठावरच्या बाईचं काम बहुतेक वेळा दिसण्याचं होतं, करण्याचं नव्हतं. कष्टानं राकट झालेले पाय मुखपृष्ठावर कधी आलेच नाहीत. म्हणून आज ते आले की 'विकलं जाणार नाही' असं वाटतं.

स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा १९८६ साली झाला. त्यासाठी आपल्या आधीच्या पिढीनं पोस्टरांना काळं फासलं होतं. पण इथे असभ्य काहीच नाही. इथे पुसून टाकणं आहे, आणि पुसण्याला हा कायदा हात लावत नाही.

समुपदेशन केंद्रात मी हे रोज पाहते. बाई पहिल्या दिवशी तिच्या शब्दांत सांगते. तीच हकिकत फिर्यादीत 'नीट' लिहून येते, तेव्हा तिचा राग, तिचे प्रश्न गळालेले असतात. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मला अंतिम अहवाल लिहायला शिकवलं गेलं. पहिली कच्ची नोंद जपून ठेवायला मात्र मी बायकांकडून शिकले. कच्च्याचं पक्कं होतं त्या मधल्या जागेत कोण बसलं आहे, हा खरा प्रश्न.

मैत्रिणीच्या बाबतीत आम्ही कायदा उघडून बसलो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर त्या चित्राचा कॉपीराइट काम देणाऱ्याकडे जातो. तिच्याकडे करार नव्हता. पण कलम ५७ प्रमाणे, हक्क दिला तरी 'हे चित्र माझं आहे' म्हणण्याचा आणि आपली अप्रतिष्ठा होईल अशी मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. या कलमाचा आधार घेऊन पत्र पाठवलं. पुढच्या आवृत्तीत नाव छापू, असं उत्तर आलं. चेहऱ्याबद्दल अवाक्षर नाही.

हे लिहिताना एक कबुली द्यायला हवी. आपल्या पोस्टरांवर, पुस्तिकांवर चित्र काढणाऱ्या किती जणींची नावं आपण छापली? 'चळवळीचं काम आहे' म्हणून किती जणींना चहावर बोळवलं? दुसऱ्याला पत्र धाडण्याआधी आम्ही आमचे जुने अंक काढून पाहिले आणि मान खाली गेली. या अंकापासून चित्रकर्तीचं नाव छापलं जाईल, जमेल तेवढं का होईना मानधन दिलं जाईल आणि चित्रातला बदल तिला विचारूनच होईल. तुमच्या संघटनेतही हा ठराव करा. चित्र काढणाऱ्या मुली ओळखीच्या असतील तर त्यांना एवढंच सांगा: काम घेताना दोन ओळींचा का होईना लेखी करार करा आणि कच्ची चित्रं फेकू नका.

आमच्या मैत्रिणीनं ती फेकली नव्हती. नाकारलेल्या त्या पाच रेखाटनांचे पैसे कुणी दिले नव्हते, म्हणून ती तिच्याच वहीत राहिली. तिच्या संमतीनं ती इथे छापली आहेत. तिसरं चित्र जरा निरखून पाहा. टाच टेकलेली आहे, ओढणी खोचलेली आहे. नांदेडच्या त्या मुलीला अंक दिला तेव्हा तिनं त्या चित्रावर बोट ठेवलं आणि शेजारणीला म्हणाली, "हीच खरी."