आधी किनारा नीट काढा

गेल्या अंकात ‘असे झाले असते तर’ची मुंबई मांडणाऱ्या आपल्या सामायिक नकाशाच्या तपासणीचे नियम छापले, तेव्हापासून तक्रारींची पत्रे थांबलेली नाहीत. नोंदी अडकून पडतात, तपासनीस नको तेवढा कीस काढतात, हौसेने काम करणाऱ्यांचा हिरमोड होतो, असा एकंदर सूर आहे. दादरच्या एका जुन्या वर्गणीदारांनी सरळच विचारले आहे, की जे घडलेच नाही त्याला पुरावा कसला मागता? हा प्रश्न अनेकांच्या मनात आहे, म्हणून उत्तर इथे देतो. पुरावा मागतो तो फाट्याच्या, म्हणजे तुमची कल्पना खऱ्या इतिहासापासून वेगळी वळते त्या दिवसापर्यंतचा. त्यानंतर तुमची कल्पनाशक्ती मोकळी आहे. त्याच्या आदल्या रात्रीपर्यंतची मुंबई मात्र जशी होती तशीच नकाशावर यायला हवी. ती चुकली की पुढचे सगळे मुसळ केरात.

डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत बदलते काय? १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांच्या दिशेने आलेली गोळी हुकते, एवढेच. त्या एका गोळीपर्यंत पोहोचायला गंगाधरपंतांना टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून इतिहासाची पुस्तके क्रमाने पालथी घालावी लागतात. लेखकाने ती शिस्त पाळली म्हणूनच त्या कथेतली वेगळी मुंबई आपल्याला खरी वाटते. आपल्याकडे येणाऱ्या कितीतरी नोंदींत फाट्याची तारीखच नसते. ‘पेशवाईनंतर’, ‘संपाच्या सुमारास’ असे लिहून पिन टोचली जाते.

सर्वाधिक नोंदी अर्थातच ‘मुंबई महाराष्ट्राला मिळाली नसती तर’ या लेयरवर आहेत. गिरगाव, दादर, लालबाग-परळची माणसे या विषयावर तुटून पडणारच. पण इथे दोन वेगळे फाटे बिनदिक्कत एकत्र केले जातात. नोव्हेंबर १९५५ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने त्रिराज्याची योजना पुढे केली, तिच्यात मुंबई हे स्वतंत्र नगरराज्य होते. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी जाहीर केली ती केंद्रशासित मुंबई. पहिल्या फाट्यावर शहराला स्वतःचे विधिमंडळ, दुसऱ्यावर कारभार दिल्लीहून. एका फाट्याची इमारत उचलून दुसऱ्यावर ठेवता येत नाही.

त्याहून मोठा घोटाळा हद्दीचा. लालबागच्या एका सभासदाने तानसाच्या जलवाहिनीचा माग काढून ती नगरराज्याची सरहद्द कुठे ओलांडते ते दाखवले आहे. १८९२ पासून शहराला पाणी पाजणारा तानसा शहापूर तालुक्यात, म्हणजे या फाट्यावर चक्क परराज्यात! नगरराज्याच्या बहुतेक पाण्यासाठी शेजारच्या राज्याकडे तोंड करावे लागणार, ही गोष्ट या नोंदीइतकी ठसठशीतपणे आजवर कोणी मांडली नव्हती. पण तीत सरहद्द आखली होती मुलुंडच्या पलीकडे. शहराची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली ती फेब्रुवारी १९५७ मध्ये. नोव्हेंबर १९५५ मध्ये ती जोगेश्वरी आणि भांडुपपाशी संपत होती, मुलुंड शहरात नव्हतेच. म्हणजे नळ शहरात शिरतो तो भांडुपपाशी, आणि नाक्याची चौकी, पहारा, पाण्याचा करार हे सारे अलीकडे सरकते. नोंद परत गेली तेव्हा हे सभासद रागावले. दुरुस्त होऊन आली तेव्हा ती पहिलीपेक्षा कितीतरी सरस होती, हे त्यांनीच कळवले आहे.

हाच दोष किनाऱ्याच्या बाबतीत जवळपास प्रत्येक लेयरवर आहे. बेसमॅप उघडला की आजचा किनारा समोर येतो. नरिमन पॉइंटचा भराव, २००९ चा सागरी सेतू, आताचा किनारी रस्ता, सगळे त्यात. त्यावरच ‘हॉर्नबी वेलार्ड बांधलाच नाही’ ही मुंबई रंगवायला घेतात. वेलार्ड १७८४ च्या सुमारास पुरा झाला. तो झाला नसता तर महालक्ष्मी आणि वरळीमधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत येतच राहिले असते. ज्या सखल पटावर पुढे कामाठीपुरा वसला, रेसकोर्स झाले, तिथे खाजण राहिले असते. तरी आमच्याकडे आलेल्या नोंदींत लोअर परळच्या गिरण्या आपापल्या जागी भोंगे वाजवत उभ्या आहेत! कावसजी दावरांची ताडदेवची पहिली गिरणी १८५० च्या दशकातली, वेलार्डनंतर सत्तर वर्षांनी आलेली. कोरडी जमीनच नाही तर गिरणगाव कुठे वसेल, याचे उत्तर त्या नोंदींनी द्यायला हवे होते. तिथेच खरी मजा होती, आणि तीच सोडून दिली.

एकाने कष्ट घेऊन जमिनीच्या उंच्याही भरल्या. पण त्या पालिकेच्या नकाशांवरून उचललेल्या, टाउन हॉल डेटममधल्या. या डेटमचा शून्य समुद्रसपाटीच्या बराच खाली आहे. त्यामुळे सखल भागातही सत्तावीस मीटरच्या आसपासचे आकडे दिसतात. ते समुद्रसपाटीपासूनचे समजल्यामुळे वेलार्डशिवायही सगळे परळ कोरडे ठणठणीत निघाले. उंची लिहाल तिथे डेटम लिहा. ते नसेल तर ती नोंद यापुढे तपासणीलाही जाणार नाही.

मिळकतीच्या भूमापन क्रमांकाचे, म्हणजे सी. एस. नंबरचेही तेच. नुसता नंबर लिहून भागत नाही. तोच नंबर गिरगाव विभागात सापडेल आणि परळ-शिवडी विभागातही. विभाग लिहायला दोन शब्द लागतात, तेवढे लिहावेत.

आता तक्रारकर्त्यांच्या बाजूने. बरोबर पाया हवा तर जुने नकाशे हवेत, आणि ते मिळवताना जो छळ होतो तो संतापजनक आहे. गिरगावच्या एका सभासदाला शंभर वर्षांपूर्वीच्या सिटी सर्व्हेच्या एका शीटची नक्कल हवी होती. कचेरीने अर्ज परत केला, कारण ‘अर्जदाराचा मिळकतीशी संबंध’ हा रकाना कोरा होता. सभासदाने लिहिले, अभ्यास. त्यावर शेरा पडला की शीटवरील मिळकतींच्या मालकांची संमतीपत्रे जोडा. एका शीटवर मिळकती किती असतात हे त्या टेबलावरच्या माणसाला ठाऊक नसेल काय? त्या मालकांपैकी आज कोण हयात असेल? कित्येक मिळकतींवरून रस्ता गेला, कित्येक एकत्र होऊन टॉवर उभे राहिले. संमती द्यायची कोणी?

या अटीला कसलाही आधार नाही. सरकारी प्रकाशनावरचा स्वामित्वहक्क ६० वर्षांनी संपतो. वीस वर्षांहून जुन्या घडामोडींची माहिती नाकारण्याची बहुतेक कारणे माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) ने काढून घेतली आहेत. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीयांना नकाशे तयार करायला पूर्वपरवानगी लागत नाही. दिल्लीने दार उघडले आणि खालच्या टेबलाने ते आतून लावून घेतले, अशी आजची अवस्था आहे. वरिष्ठांनी एक परिपत्रक काढावे, की जुन्या शीटची नक्कल ठरावीक शुल्क घेऊन मागेल त्याला द्यावी. एका पानाचे काम आहे. तोवर सभासदांनी तोंडी विनंत्या बंद कराव्यात. लेखी अर्ज करा, पोच घ्या, नकार लेखी मागा, आणि तो नकार आमच्याकडे पाठवा. प्रत्येक नकार आम्ही छापू.

पानिपतचा फाटा घेणाऱ्यांना एक सूचना. अटकेपर्यंतच्या सरहद्दी आखलेले देशाचे नकाशे आम्ही घेणार नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा देशाचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. आपले काम शहरापुरते आहे, आणि शहरातच पुष्कळ काम पडले आहे.

गिरण्यांच्या जमिनीचा लेयर पाहा. १८ जानेवारी १९८२ चा संप मिटला असता तर, हा एक फाटा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा खरोखरच मैदानांना आणि घरांना मिळाला असता तर, हा दुसरा. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया समितीने सुचवल्याप्रमाणे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्र आराखडा झाला असता तर, हा तिसरा. नियम ५८ ची २००१ ची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ ला उचलून धरली, तो निकाल उलटा लागला असता तर, हा चौथा. लाखो माणसांच्या घराचा आणि पोटाचा प्रश्न या चार तारखांत आहे. आणि हा लेयर जवळजवळ रिकामा आहे! खात्यांच्या जागा, दरवाजे, तलाव, चिमण्या, चाळी कुठे होत्या हे सांगणारी माणसे परळ-लालबागला आजही घराघरांत आहेत. त्यांच्याकडे कोणी जात नाही. सभासद घरी बसून आजच्या नकाशावर रंग भरतात.

मित्रहो, उठा. १९५६ च्या जानेवारीत जो दहा वर्षांचा होता तो आज ऐंशीचा आहे. नेहरूंच्या घोषणेनंतर ठाकुरद्वारला, दादरला, लालबागला गोळीबार झाला तेव्हा कोणत्या गल्लीतून माणसे पळाली, कोणत्या जिन्यावर लपली, हे त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. मुंबई वेगळी झाली असती तर काय, असे आपण विचारतो. ती होऊ नये म्हणून माणसे मेली. ती पडली त्या जागा नकाशावर अचूक नाहीत, तोवर त्या फाट्यापलीकडचे काही छापायला आमचे मन धजत नाही. आजोबांजवळ बसा, त्यांच्यापुढे जुना नकाशा पसरा, त्यांच्या बोटाखाली खूण करा, तारीख लिहा. चाळ पुनर्विकासाला जाणार असेल तर घराच्या चाव्या देण्याआधी भाडेपावत्या, मंजूर नकाशे, गिरणीचे पास यांचे फोटो काढून घ्या. ट्रकमध्ये सामान चढते त्या दिवशी हेच कागद आधी रद्दीत जातात.

जिओरेफरन्सिंगसाठी बाणगंगेच्या तलावाचे कोपरे, टाउन हॉलच्या पायऱ्या (तो बांधल्यानंतरच्या नकाशांवर), शिवडी आणि वरळीचे किल्ले हे बिंदू सगळ्यांनी सारखे घ्यावेत. १७८४ पूर्वीचा, १८७२ चा आणि १९५६ चा असे तीन किनारे आम्ही आधी पुरे करणार आहोत. ते होईपर्यंत नव्या लेयरला परवानगी नाही. गिरगाव आणि दादर-नायगाव विभागांना तपासनीस मिळाले आहेत. परळ-शिवडी आणि लोअर परळ विभागांना अजून कोणीही नाही. तिथे राहणाऱ्या दोघांनी तरी पुढच्या अंकाआधी आपले नाव कळवावे.