काचेच्या बाटलीतली मक्तेदारी

पेटंटधारकांनी आपापले हक्क एकत्र करून सामायिक परवाने देणे आणि मक्तेदारीविरोधी कायदा यांत मुळात विरोध नाहीच, दोहोंचे ध्येय नवनिर्मिती हेच आहे, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. एकमेकांवाचून अडणारी पेटंटे एकत्र आली तर वाट मोकळी होते. एकमेकांना पर्याय ठरणारी एकत्र आली तर स्पर्धाच संपते. करारनाम्याची भाषा मात्र दोन्हीकडे सारखीच सोज्ज्वळ असते.

अमेरिकेतील हार्टफर्ड-एम्पायर कंपनीचे प्रकरण साहित्याच्या अभ्यासकांनी तरी अवश्य पाहावे. वितळलेल्या काचेचा गोळा साच्यात सोडणाऱ्या यंत्राचे पेटंट तिला मिळेना. तेव्हा कंपनीच्या अधिकाऱ्यांनी व वकिलांनी यंत्राची थोरवी गाणारा लेख स्वतः लिहिला आणि काचकामगार संघटनेचे अध्यक्ष विल्यम क्लार्क यांच्या नावाने १९२६ साली व्यवसायाच्या नियतकालिकात छापून आणला. १९२८ मध्ये पेटंट मिळाले. १९३२ मध्ये अपील न्यायालयाने त्याच लेखाचा आधार घेऊन ते उचलून धरले, आणि प्रतिस्पर्धी हेझल-अ‍ॅटलस कंपनी दहा लाख डॉलर मोजून परवान्यांच्या गोटात सामील झाली. लेखकाच्या खोट्या सहीची ही किंमत! तो निकाल रद्द व्हायला १९४४ साल उजाडले.

दरम्यान कोणी कोणत्या बाटल्या आणि किती बनवाव्यात, हे परवान्यांतील अटी ठरवू लागल्या होत्या. अशा स्वयंचलित यंत्रांवर बनणाऱ्या काचपात्रांपैकी ९४ टक्के पात्रे या एकत्रित पेटंटांच्या परवान्याखाली बनत होती. १९४५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदेभंग मान्य केला. पण खालच्या न्यायालयाने दिलेला विनामूल्य परवान्यांचा आदेश बदलून कंपनीला रास्त मोबदला घेण्याची मुभा दिली. फुकट परवाना म्हणजे मालमत्तेची जप्ती, हा त्यामागचा तर्क.

या तर्कातच खोट आहे. जिथे तुलनेला दुसरा विक्रेताच उरू दिला नाही, तिथे मोबदला रास्त की अवाजवी हे कशावरून ठरवायचे? गैरमार्गाने उभारलेल्या सत्तेचे भाडे चालू ठेवणे म्हणजे मालमत्तेचे रक्षण नव्हे. न्यायमूर्ती ब्लॅक आणि रटलेज यांनी अंशतः भिन्नमत नोंदवले, ते म्हणूनच मोलाचे.

प्रत्येक पेटंट-संच असा नसतो, हे मान्य. १९१७ साली राइट आणि कर्टिस यांची एकमेकांना अडवणारी विमान-पेटंटे युद्धासाठी एकत्र आणली गेली. पण गरज सरली तरी संच सरला नाही. तो मोडायला १९७५ चा न्यायालयीन हुकूम लागला. तेव्हा एकत्र येण्याच्या उद्देशाची ग्वाही पुरेशी नाही. या संचाबाहेर कोणाला जगता येते का, हा प्रश्न कायद्याने पुन्हा पुन्हा विचारलाच पाहिजे.