राजापेठकरांनो, स्क्रीनला काम द्या!

लग्नसराई आली की पत्रिका मोबाइलवर पाठवायची आणि मांडवाच्या दारात फ्लेक्स लावायचा, हे आता घरोघरी ठरून गेले आहे. त्यात राजापेठेसारख्या बाजारपेठेतला स्क्रीन प्रिंटिंगवाला मागे पडतो आहे. त्याच्याबरोबर एक अस्सल फोटोग्राफीही चालली आहे.

होय, फोटोग्राफीच. चौकटीवर ताणलेल्या पॉलिस्टरच्या जाळीला मंद पिवळ्या उजेडात इमल्शन लावतात. ते वाळले की वर पॉझिटिव्ह, म्हणजे काळ्या अक्षरांची पारदर्शक फिल्म, आणि काच ठेवून प्रकाश देतात. प्रकाश पडतो तिथला थर घट्ट होतो, काळ्या अक्षरांखालचा मऊच राहतो. मग नुसते पाणी. फवाऱ्याखाली आधी अक्षरांच्या कडा फिकट दिसतात, मग काना मोकळा होतो आणि सगळ्यात शेवटी अनुस्वार. “हळू मार पानी, टिंब फाटून जाईन,” असे उस्ताद नवख्याला बजावतो. प्रकाश कमी पडला तर थरच वाहून जातो, जास्त झाला तर बारीक अक्षर उघडत नाही. हा अंदाज हाताखाली काम केल्याशिवाय येत नाही.

जुन्या पद्धतीच्या इमल्शनमध्ये मिसळतात त्या डायक्रोमेटवर प्रकाशाचा परिणाम होतो, हे 1839 साली मुंगो पाँटनने दाखवले. डायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन प्रकाशाने घट्ट होते, हे टॅलबटने 1852 मध्ये हेरले. ती विद्या आपल्या गल्लीत आजही पोट भरते आहे.

मात्र डायक्रोमेट विषारी आहे. ते नालीत सोडणे थांबलेच पाहिजे. डायझो आणि फोटोपॉलिमर इमल्शन बाजारात मिळतात; कारागीर बंधूंनो, तीच वापरा.

आणि काम? ते समोरच आहे. राज्यात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. वऱ्हाड कापसाचा मुलूख, तरी कापडी पिशवीवर आपल्या दुकानाचे नाव छापून घ्यायला आपण का कचरतो? फ्लेक्स पीव्हीसीचा, कार्यक्रम संपला की तो कचऱ्यातच जातो.

दुकानदारांनो, यंदाच्या पिशव्या स्क्रीनवर छापून घ्या. बचत गटांच्या ताईंनो, शिवलेल्या पिशव्यांवर छपाई स्वतः शिका. प्राचार्यांनो, एखाद्या उस्तादाला मानधन देऊन प्रयोगशाळेत बोलवा आणि मुलांकडून एक स्क्रीन धुऊन घ्या. पुढच्या लग्नाची पत्रिका ठरवण्याआधी सगळ्यांनी एकदा तरी राजापेठेत चक्कर मारा आणि छपाईवाल्याला भाव विचारा.