न मागितलेली दुरुस्ती

आमची वसाहत खांदेश्वर स्थानकाजवळ आहे. एके वर्षी गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी संगणकावर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. तिसऱ्या इमारतीतील पाचव्या घरासाठी मी इंग्रजी अंकांत तीन, तिरपी रेघ आणि पाच असे लिहिले. पुढच्या चौकटीत जाताच संगणकाने त्याची ‘३ मे’ अशी तारीख करून टाकली! ते माझ्या ध्यानी आले नाही. त्या घरातील आजीबाईंनी वर्गणी केव्हाच दिली होती. परंतु यादीत त्यांचे घरच सापडेना. मुले पुन्हा त्यांच्या दारी गेली. “मी का तुमचे पैसे बुडवणार आहे, बाळांनो?” आजीबाई म्हणाल्या. ते ऐकून मी ओशाळलो.

दोष कोणाचा? यंत्राचा की माझा? माझ्या मते, दोघांचाही.

संगणकास अर्थ कळत नाही. त्याला केवळ खुणा दिसतात. अंक, रेघ, अंक असे दिसले की ती तारीख, एवढेच त्याला शिकविलेले असते. या आगाऊपणापुढे मोठमोठे शास्त्रज्ञही टेकीस आले. मनुष्याच्या काही जनुकांची संक्षिप्त नावे मार्च व सप्टेंबर या महिन्यांसारखी होती. संगणकाच्या तक्त्यांत त्यांच्या तारखा होऊ लागल्या. अखेर ती नावेच बदलण्यात आली व २०२० साली तसे जाहीर झाले. यंत्राने माणसाचे ऐकावयाचे, तो येथे माणसानेच यंत्राचे ऐकले!

अशी दुरुस्ती मुळीच नको, असे माझे म्हणणे नाही. घाईत उलटसुलट पडलेली अक्षरे संगणक सरळ करतो, हे उपकारच होत. परंतु शहाणा मदतनीस आधी विचारतो, मग हात लावतो. यंत्र घडविणाऱ्यांनी हा विनय त्यास शिकवावा.

आणि आपण? ‘आचार्यांना बोलवा’ व ‘आचाऱ्यांना बोलवा’ ही दोन्ही वाक्ये शुद्धच. पण एकाने गुरुजी येतील, दुसऱ्याने स्वयंपाकी! कोणते हवे, हे लिहिणाऱ्यावाचून कोण जाणणार? म्हणून मुलांनो, लिहिलेले एकदा स्वतः वाचल्यावाचून कोणाच्या हाती देऊ नका.

आता मी तो रकाना मजकुराचा आहे, असे संगणकास आधीच सांगून ठेवतो. त्या दिवशी मात्र मला आजीबाईंकडे जावे लागले. चूक यंत्राने केली असली, तरी क्षमा माणसालाच मागावी लागते.