गोदावरीची वाळू आणि उप्पाड्याचा किनारा

मुदखेड तालुक्यात आमदुरा, शंखतीर्थ, वासरी ही गावे गोदावरीच्या काठी वसली आहेत. वाळूचे घाट, त्यांचे लिलाव आणि रात्रीची चोरटी वाहतूक हे तेथील नित्याचे विषय होत. समुद्रकिनाऱ्याची धूप हा मात्र त्या मुलखाला सर्वस्वी परका प्रश्न वाटावा. वस्तुस्थिती तशी नाही.

आंध्र प्रदेशात, गोदावरीच्या मुखाच्या उत्तरेस, काकीनाड्याजवळ उप्पाडा हे मच्छीमारांचे आणि विणकरांचे गाव आहे. तेथील जामदानी साड्यांची ख्याती दूरवर आहे. या गावाची घरे आणि किनाऱ्याचा रस्ता समुद्र वर्षानुवर्षे गिळत आला. २०१० च्या सुमारास वाळू भरलेल्या कृत्रिम कापडाच्या प्रचंड नळ्यांची भिंत तेथे उभारण्यात आली. लाटांनी तीही खचवली, फाडली. आपल्या राज्यात रत्नागिरीच्या मिऱ्या बंधाऱ्याची कथा फारशी वेगळी नाही. दर पावसाळ्यात त्याला कोठे ना कोठे भगदाड पडावे आणि दर उन्हाळ्यात दगड ओतले जावेत, हा क्रम रत्नागिरीकरांनी वर्षानुवर्षे पाहिला.

हे अपयश केवळ निकृष्ट कामाचे आहे, असे मानणे सोपे. पण ते पुरेसे नाही. उतरत्या पुळणीवर लाट पसरते आणि तिचा जोर वाळूत जिरतो. पावसाळ्यात पुळणीची वाळू लगतच्या उथळ समुद्रात जाते, समुद्र शांत झाला की हळूहळू परत येते. भिंत ही देवघेव तोडते. तिच्यावर आदळलेली लाट परतताना पायथ्याचीच वाळू ओढून नेते आणि भिंत जेथे संपते तेथे शेजारच्या गावाची जमीन दुप्पट वेगाने पोखरू लागते. मग ते गावही भिंत मागते. त्याचे चुकते असेही म्हणवत नाही. ज्याच्या ओसरीला लाट लागली त्याला निसर्गनियम ऐकविणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु भिंत वाळू अडवील, फार तर राखील. निर्माण करणार नाही.

ती निर्माण होते नद्यांच्या खोऱ्यांत. गोदावरी १९७० च्या दशकात दरवर्षी सुमारे १५ कोटी टन गाळ वाहून नेत असे. १९९० च्या दशकात हे प्रमाण ६ कोटी टनांच्याही खाली आले. १९७६ ते २००१ या काळात तिच्या त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याने अठराशे हेक्टरांहून अधिक जमीन गमावली. काकीनाड्याच्या बंदराचा आणि वादळांचा त्या किनाऱ्यावर परिणाम आहेच. तथापि मूळ पुरवठाच आटला, हे नाकारता येत नाही.

तो आटला तो धरणांमुळे. १९७६ मध्ये पूर्ण झालेले जायकवाडी, नांदेडजवळचे विष्णुपुरी, तेलंगणातील पोचमपाडचे श्रीरामसागर ही नावे येथे घ्यावीच लागतात. श्रीरामसागराची मूळ ११२ टीएमसीची क्षमता गाळाने बरीच घटली आहे. किनाऱ्याला हवे असलेले द्रव्य तेथे जलाशयाच्या तळाशी निरुपयोगी पडून आहे. प्राणहिता आणि इंद्रावती यांचा वाटा वरच्या गोदावरीपेक्षा मोठा, हेही खरे. शिवाय जायकवाडीवाचून मराठवाड्याची कल्पना कोणी करणार नाही, करूही नये. उप्पाड्यासाठी नांदेडने तहानलेले राहावे, असा युक्तिवाद कोणी केलाच तर तो टिकणारा नाही.

वाळूउपशाला मात्र तहानेचे समर्थन नाही. पात्रातून यंत्रांनी उपसलेली वाळू पुराने भरून निघायला वर धरणे नसावी लागतात. येथे ती आहेत. पाच हेक्टरांहून लहान घाटांनाही पर्यावरणविषयक परवानगी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आवश्यक ठरविली. पण घाटाचा विचार होतो तो त्या घाटापुरता आणि महसुलापुरता. खाली नदीला आणि तिच्या किनाऱ्याला किती वाळू लागते, हा प्रश्न तहसीलच्या कागदावर कधी येत नाही.

गोदावरी जलविवाद लवादाने १९८० मध्ये पाण्याची वाटणी केली. बाभळी बंधाऱ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवण्याची अट कायम केली. पाण्यासाठी घातलेली ही अट पुराबरोबर गाळालाही वाट देते, पण पोचमपाडपर्यंतच. खोऱ्यातील राज्ये पाण्याच्या प्रत्येक टीएमसीसाठी न्यायालयात गेली. गाळाचा हिशेब कोणी मागितलेला नाही. आणि उप्पाड्याच्या मच्छीमाराला तो मागायचा कोणाकडे, हेही ठाऊक असण्याचे कारण नाही.