आठवडे मोजता, मग खाटाही मोजा!

जून २०२३. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे १५ वर्षांच्या बलात्कारपीडित मुलीचा गर्भपाताचा अर्ज आला. गर्भ २८ आठवड्यांचा. आता प्रसूती केली तरी बाळ जिवंत जन्मेल, असे वैद्यकीय मंडळाने सांगितले. मग पूर्ण दिवसांचेच होऊ द्या, म्हणत न्यायालयाने परवानगी नाकारली. त्याच ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने २६ आठवड्यांच्या विवाहितेलाही नकार दिला.

‘बाळ जगू शकते’ हा युक्तिवाद करुणेचा वाटतो. आपल्यातलेही काही साथी पंचशीलातले पहिले शील पुढे करतात. आम्ही विचारतो, ही करुणा आमच्या धाराशिव जिल्ह्यात आधी कुठे असते?

२८ आठवड्यांचे बाळ जेमतेम किलोभराचे. फुप्फुसे कच्ची, अंगात ऊब टिकत नाही, दूध ओढता येत नाही. ते जगते श्वासाच्या यंत्रावर, वॉर्मरमध्ये, तरबेज परिचारिकांच्या हातात, कित्येक आठवडे. डोळ्यांची तपासणी वेळेवर झाली नाही तर दृष्टीही जाऊ शकते. भूम-परंड्याच्या वस्तीवरून, ऊसतोडीच्या कोपीवरून हे सगळे किती लांब आहे? ‘जगू शकते’ हे मोठ्या शहरातल्या एनआयसीयूचे गणित आहे. निकाल मात्र कोपीतल्या बाईवर लादला जातो.

वर विचारतात, उशीर का केला? मुकादमाची उचल फिटेपर्यंत खाडा परवडत नाही. कोवळ्या पोरीला काय झाले तेच कळत नाही. कळले तर घर अब्रूच्या भीतीने गप्प बसते. २०२१ च्या दुरुस्तीने बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा ठरावीक स्त्रियांना २४ आठवड्यांची मुभा दिली. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग नसेल, आईच्या जिवाला धोका नसेल, तर कोर्टाची पायरी. खंडपीठ इथून सुमारे अडीचशे किलोमीटर. तारीख पडते, पोट वाढते आणि तोच उशीर तिच्याविरुद्ध पुरावा ठरतो!

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाने तिथेच संततिनियमनाचा ठराव मांडला. बाळंतिणीला विसावा आणि मूल कधी हवे याचा अधिकार, या दोन्ही मागण्या एकाच बाईच्या होत्या. आज त्याच एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या जातात.

म्हणून आमच्या मागण्याही दोन. जन्मलेल्या प्रत्येक कमी दिवसांच्या बाळाला जिल्ह्यातच मोफत, पूर्ण उपचार. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात वेळेत गर्भपाताची सोय. २४ आठवड्यांपुढच्या पीडितेचा निर्णय जिल्ह्यातच, ठरलेल्या दिवसांत, तिचे म्हणणे सर्वांत आधी ऐकून.

प्रज्ञेशिवाय करुणा आंधळी असते. १५ वर्षांच्या पोरीवर लादलेले आईपण हे शील नव्हे, सक्ती आहे.

जय भीम! जय संविधान!